अख्खं गाव राहू द्या, फॉल्ट सापडला तरी पुरे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या मागल्या रविवारच्या पुरवणीत, संगणकावर माणसाचा मेंदू उभा करायला निघालेल्या युरोपातल्या प्रकल्पावर लेख आला होता. वर निळ्या उजेडात चमकणारी कवटी आणि खाली मजकुराचा सूर असा, की अब्जावधी रुपये गेले आणि हाती धुपाटणं आलं. मी तो वाचला, मग पुतणीनं मोठ्यानं वाचून दाखवला. वाचून झाल्यावर तिनं पेपरची घडी केली आणि म्हणाली, "मोठेबाबा, यानं अर्धंच लिवलं." राहिलेलं अर्धं मी लिहितो आहे. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त फिटचा भाग ठेवा.

शास्त्राशी माझा संबंध दहावी आणि आयटीआयपुरता. वायरमनचा कोर्स केला आणि घाटंजी तालुक्यात ३१ वर्षं लाइनमन म्हणून खांबावर चढलो-उतरलो. पुतणी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करते. तिला आठव्या वर्षापासून फिट येतात, म्हणून मेंदूबद्दल कुठं काही छापून आलं की ती ते सोडत नाही. इंग्रजीतलं मोबाइलवर वाचून मला सांगते, मी ते लाइनमनच्या हिशेबानं समजून घेतो, आणि माझं चुकलं की ती टोकते.

लेखातलं खरं ते आधी मान्य करतो. आश्वासन फार मोठं दिलं गेलं होतं. हेन्री मार्कराम या शास्त्रज्ञांनी २००५ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं ब्लू ब्रेन हा प्रकल्प आयबीएमच्या सुपरकॉम्प्युटरवर सुरू केला. २००९ साली ऑक्सफर्डमधल्या भाषणात ते म्हणाले, दहा वर्षांत माणसाचा मेंदू संगणकावर उभा करता येईल. नोकरीत असताना कोणी साहेब "आठ दिवसांत लाइन चालू" म्हणाला, की मी आणि हेल्पर एकमेकांकडे बघायचो. खांब कुठून येणार हे आम्हांला ठाऊक असायचं. तिकडंही तसंच झालं. २०१३ साली युरोपीय संघानं ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट हाती घेतला, दहा वर्षांची मुदत आणि एक अब्ज युरोपर्यंत खर्चाची भाषा झाली. वर्ष होत नाही तोच, २०१४च्या जुलैत, मेंदूवरच काम करणाऱ्या शेकडो शास्त्रज्ञांनी युरोपीय आयोगाला उघडं पत्र पाठवलं की हे असं चालायचं नाही. मध्यस्थ नेमले गेले, कारभार बदलला, मार्कराम नेतृत्वातून बाजूला झाले. २०२३च्या सप्टेंबरात प्रकल्प संपला तेव्हा ६० कोटी युरोंवर खर्च झालेला होता आणि माणसाचा मेंदू संगणकात नव्हता. ब्लू ब्रेनही २०२४च्या अखेरीस बंद झाला. त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम २०१५चं. उंदराच्या मेंदूतला घनमिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान तुकडा, त्यात ३१ हजार पेशी आणि साडेतीन कोटींवर जोडण्या. तेवढा संगणकावर चालला.

आता हे का जमलं नाही, ते लेखात कुठंच नाही. मला वाटतं लाइनमनला ते लवकर कळतं.

मेंदूची पेशी म्हणजे आपल्या परीनं एक वायरच. पुतणीनं सांगितलं की १९५२ साली हॉजकिन आणि हक्सले या दोघांनी माकूळ या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून त्याच्यातून वीज कशी धावते याचं गणित बसवलं, आणि ते चक्क सर्किटच्या भाषेत लिहिलं: एवढा रेझिस्टन्स, एवढा कपॅसिटर. पुढं पेशींच्या फांद्यांचा हिशेब करताना जे गणित वापरलं, ते मुळात अटलांटिक समुद्राखालून तारायंत्राची केबल टाकायच्या काळात लॉर्ड केल्विननी मांडलेलं होतं. म्हणजे आमच्याच धंद्यातलं. हे ऐकून मला दोन दिवस बरं वाटत होतं. पेशीच्या आत-बाहेर फरक किती, तर ७० मिलिव्होल्ट. मी ११ हजार व्होल्टच्या लाइनीवर आयुष्य काढलं. पेन्सिल सेलच्या विसाव्या हिश्शावर माणूस रागावतो, रडतो, कापसाचा भाव लक्षात ठेवतो, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

एका पेशीचं गणित आलं म्हणजे ८६ अब्ज पेशींचं आलं असं होत नाही. माझ्याकडे फीडरचा, म्हणजे सबस्टेशनातून गावांकडे निघणाऱ्या मुख्य लाइनीचा, नकाशा असायचा. सबस्टेशनपासून कोणत्या खांबावरून लाइन कुठं जाते, कोणती डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, किती केव्हीएची, लाइन मधेच तोडायचा एबी स्विच कुठं, सगळं त्यात. नवा पोरगा नोकरीला लागला की तो नकाशा घेऊन निघायचा आणि संध्याकाळी रडकुंडीला येऊन परतायचा. कारण नकाशात वीजचोरीचे आकडे नसतात. कोणी रात्री आकडा टाकून पंप चालवतो, ते नसतं. डीपीच्या किटकॅटमध्ये फ्यूज तार गेल्यावर कोणी तिथं जाड तार गुंडाळली, ते नसतं. तूर कापणीला आली की दुपारी कोणता पंप बंद असतो, ते नसतं. नकाशा खोटा नसतो, पण लाइन त्या दिवशी कशी वागेल ते त्यावर लिहिलेलं नसतं.

मेंदूवाल्यांचं नेमकं हेच झालं आहे. एक सूतभर अळी आहे, मिलिमीटरभर लांब, मातीत राहणारी. तिला ३०२च चेतापेशी. त्यांच्या सगळ्या जोडण्यांचा नकाशा १९८६ साली छापून झाला. आज जवळपास चाळीस वर्षं होत आली, तरी त्या नकाशावरून ती अळी पुढच्या क्षणी कुठं वळेल हे खात्रीनं सांगता येत नाही. पुतणी म्हणते, कोणती जोडणी किती जोरकस ते नकाशात दिसत नाही, आणि काही रसायनं तर वायर नसतानाही एका पेशीतून दुसऱ्या पेशीपर्यंत पोहोचून तिचं वागणं बदलतात. मी म्हटलं, "म्हंजे आकडे." ती हसली, पण नाही म्हणाली नाही.

म्हणून नकाशे फुकट गेले असं मी म्हणणार नाही. नकाशा नसता तर तो नवा पोरगा घरून निघालाच नसता. २०२४च्या ऑक्टोबरात फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा आला, १ लाख ३९ हजारांवर पेशी, ५ कोटींवर जोडण्या. (आमच्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगाचाही कोणीतरी काढावा. कामगंध सापळ्यात नर कसा खेचला जातो ते बघायला आमचं अख्खं गाव येईल.) आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या मेंदू केंद्रानं २०२४च्या डिसेंबरात पोटातल्या बाळांच्या मेंदूचे ५,१३२ काप टिपून जगाला मोफत खुले केले. हे आपल्या पुरवणीत आलं असतं तर पुतणीच्या कॉलेजातल्या चार पोरांना दिशा मिळाली असती.

दुसरी गोष्ट विजेची. जपानच्या 'के' नावाच्या संगणकावर २०१३ साली १७३ कोटी पेशींचं जाळं चालवून बघितलं. म्हणजे माणसाच्या मेंदूचे जेमतेम दोन टक्के, तेही खऱ्या मेंदूच्या नकाशावरून जोडलेलं नव्हे, कोणती पेशी कोणाला जोडायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. त्यासाठी ८२,९४४ प्रोसेसर लागले आणि मेंदूतल्या एका सेकंदाचं काम करायला त्याला ४० मिनिटं लागली. तो संगणक साडेबारा मेगावॅटच्या आसपास वीज खायचा. मी ज्या सबस्टेशनवर होतो तिथं ५ एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे फार तर दहा मेगावॅट. अख्खं सबस्टेशन, म्हणजे चाळीसेक गावं, पिठाच्या गिरण्या, जिनिंग, सगळं बंद करून त्याला दिलं असतं तरी पुरलं नसतं. आणि माझ्या-तुमच्या डोक्यातला मेंदू २० वॅटवर चालतो. एका एलईडी ट्यूबलाइटवर. हे मी चौकात सांगितलं तर एक जण म्हणाला, "भाऊ, काही जणाइचा झिरोच्या बल्बवर चालते." असो.

आता फिटबद्दल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, वेचणीचे दिवस. ओसरीत कापसाचा ढीग, संध्याकाळी बाया वेचलेला कापूस घेऊन आलेल्या. धाकटा भाऊ काट्यावर गाठोडं लटकवून आकडा सांगत होता आणि पुतणी वहीत लिहीत होती. तिचा हात थांबला. मान वळलेली, ओठ चघळल्यासारखे हलत होते, डाव्या हाताची बोटं ओढणीचं टोक चिवडत होती. भाऊ म्हणाला, "लिव ना, बेचाळीस." तिनं ४ लिहिला, २ सुरू केला आणि पेनाची रेघ तिथून जी सुटली ती पानाच्या खालच्या कडेपर्यंत गेली. मग ती पडली.

जे होतं ते झालं. कोणी म्हणालं कांदा आना, कोणी पायतान हुंगवा म्हणून स्वतःची चप्पल काढून दिली. एकीनं दातात चमचा घालायला घेतला. मी ओरडलो, "सोडा तिले! तोंडात काही घालू नोका!" हे मला नागपूरच्या डॉक्टरांनी शिकवलेलं होतं. कुशीवर करायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी काढायची. डोक्याखाली द्यायला कापूस काय, ढीगभर होता. अडीच मिनिटांत थांबलं. ती उठली तेव्हा तिच्या केसांत सरकी अडकलेली होती आणि पहिलं वाक्य काय, तर "बेचाळीस लिवलं का मी?"

ती वही आम्ही नागपूरला घेऊन गेलो. डॉक्टरांनी रेघ बघितली, मग विचारलं, पहिले कोणता हात हलला? तोंड कोणत्या बाजूला वळलं? ओठ आधी की हात आधी? मला त्या माणसाबद्दल तिथंच आदर वाटला. लाइन ट्रिप झाली की आम्हीही हेच विचारतो. पहिले कोणत्या फेजवर गेली, कोणत्या खांबावर ठिणगी दिसली. सगळं गाव अंधारात असतं, पण बिघाड गावभर नसतो. तो एका खांबावरच्या एका सुटलेल्या जंपरवर, म्हणजे दोन तारा जोडणाऱ्या तुकड्यावर असतो आणि तिथून सगळा फीडर बसतो. डॉक्टर म्हणाले, हिच्या फिटचंही तसंच आहे, एका ठिकाणी सुरू होते आणि पसरते. डोक्याला पेस्ट लावून वीस-एकवीस वायरी चिकटवल्या आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढला. कागदावर ज्या लाटा येत होत्या त्या मायक्रोव्होल्टच्या, व्होल्टचा दहा लाखावा भाग. शेजारून कूलर चालला तरी त्यात घोळ होतो म्हणे. मी उठून तिथला कूलर बंद केला, नर्सबाई रागावल्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात पाच कोटी लोकांना हा आजार आहे, आणि नीट उपचार मिळाले तर त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात. हे आधी ठळक छापा. गोळी वेळेवर घेणं आणि लग्नाच्या जागरणात ती न चुकवणं, एवढ्यानं बहुतेकांचं भागतं. तालुक्याच्या मेडिकलात कधी गोळी नसते, म्हणून आम्ही महिन्याची जास्तीची आणून ठेवतो. पण सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांना गोळ्या पुरत नाहीत. पुतणी त्यांतली. तीन गोळ्या बदलून झाल्या, फिट कमी झाल्या, थांबल्या नाहीत. अशांपैकी काहींचं ऑपरेशन होतं. जिथून फिट सुरू होते तो भाग नेमका सापडला, आणि तो काढल्यानं बोलणं, हातपाय, आठवण यांना धक्का लागणार नसेल, तर तो काढतात. डॉक्टरांनी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचं नाव सुचवलं आहे. सगळी अडचण 'नेमका सापडला तर' इथं आहे.

आणि संपादक साहेब, इथंच तो तुमचा 'बुडालेला' प्रकल्प येतो. त्याच ह्यूमन ब्रेन प्रोजेक्टमध्ये फ्रान्समधल्या मार्सेयचे व्हिक्टर यिर्सा आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच वाटेनं गेले. त्यांनी ८६ अब्ज पेशींचा नाद केला नाही. एकाच रुग्णाचा एमआरआय घ्यायचा, त्यावरून त्याच्या मेंदूचे शे-दीडशे भाग पाडायचे, कोणता भाग कोणाला किती जाड दोरीनं जोडलेला आहे ते मोजायचं, आणि प्रत्येक भागाला एक लहानसं गणित लावायचं. मग संगणकावर त्या माणसाची फिट सुरू करून बघायची. इथून सुरू केली तर खऱ्या ईईजीसारखी पसरते का? नाही? मग तिथून बघू. हा भाग काढला तर थांबते का? आधी संगणकात काढून बघा, मग डोक्यात. फ्रान्समध्ये साडेतीनशेहून जास्त रुग्णांवर याची चाचणी हाती घेतली गेली, सर्जनच्या हाती हा संगणकातला मेंदू देऊन.

हे वाचल्यावर मी पुतणीला म्हटलं, अगं हे तर आम्ही रोज करत होतो. रात्री अकराला फीडर ट्रिप झाला की चाळीस किलोमीटर लाइन कोण पायी बघणार? मधला एबी स्विच उघडायचा, अर्धी लाइन चार्ज करून बघायची. टिकली तर फॉल्ट पुढच्या अर्ध्यात. मग त्याचंही अर्धं. पावसात टॉर्च घेऊन चार-पाच वेळा असं केलं की दोन-तीन खांबांवर येऊन थांबतो आपण. तिथं एखादं वाघळ चिकटलेलं असतं नाहीतर इन्सुलेटर फुटलेला. ती म्हणाली, "पण तुमी लाइन खरीच चार्ज करत होते. हे लोक माह्या डोक्याले हात न लावता करते." बरोबर आहे. आमच्याकडे चाचणी घेताना तार तुटून बैल मेल्याची गोष्ट मला माहीत आहे.

अजून एक. अमेरिकेत हार्वर्ड आणि गूगल यांनी २०२४ साली माणसाच्या मेंदूचा एक घनमिलिमीटर, म्हणजे बारीक मोहरीच्या दाण्याएवढा तुकडा, जोडणी न् जोडणी टिपून प्रसिद्ध केला. ५७ हजार पेशी, १५ कोटी जोडण्या, आणि माहिती किती तर १,४०० टेराबाइट. तो तुकडा आला कुठून? फिटचं ऑपरेशन झालेल्या एका बाईच्या डोक्यातून. खोलवरच्या दुखऱ्या भागापर्यंत जायला वरचा थोडा भाग काढावा लागला, तो तिनं दिला. पुतणीनं हे मला जेवताना सांगितलं आणि मग बराच वेळ भाकरी तशीच ताटात होती. म्हणाली, "जगातला सर्व्यात बारीक नकाशा आमच्यातल्याच एकीचा हाय."

लेखकाला माझी विनंती एवढीच, की धुपाटणं म्हणताना कोणाच्या हाती ते बघा. अख्खा मेंदू दहा वर्षांत, हे खोटं ठरलं, ठरायलाच हवं होतं. त्यावर टीका करा, शास्त्रज्ञांनीच आधी केली. पण लेखाच्या शेवटी आपण लिहिलंत की आता एआय मेंदूच्या पुढं गेल्यामुळे मेंदूची नक्कल करायची गरजच उरली नाही. मला हे वाक्य झोंबलं. माझ्या पुतणीला गप्पा मारणारा संगणक मोबाइलवर आहेच, ती त्याच्याकडून इंग्रजी सुधारून घेते. तिला बेचाळीसचा २ पूर्ण करायचा आहे. त्यासाठी तिच्याच मेंदूचा, त्यातल्या जंपर सुटलेल्या खांबाचा पत्ता लागतो. ते काम गप्पा मारणाऱ्या संगणकाचं नाही.

हे तंत्र आपल्याकडे कधी येईल ते माझ्या आटोक्यातलं नाही. तोवर, लेखाच्या जागेत एखाद्या रविवारी, फिट आल्यावर काय करायचं आणि काय नाही याची एक चौकट छापा. ती कापून पिठाच्या गिरणीवर, रेशन दुकानावर आणि जिनिंगच्या फाटकावर चिकटवायची जबाबदारी माझी. शिडी आहे घरी. चपलेवर फुली मारलेलं चित्र मात्र मोठं द्या, लांबून दिसलं पाहिजे.

जाता जाता नावाबद्दल. फिट येणाऱ्याच्या लग्नावरची अट कायद्यातून १९९९ साली काढून टाकली गेली, हे पुतणीनं मला कायद्याच्या पुस्तकात दाखवलं. सोयरिकीच्या बैठकीत ते पुस्तक कोणी काढत नाही. ती म्हणते, मोठेबाबा, खरं नाव टाका, माझंही टाका. तिची आई म्हणते, एवढ्या उन्हाळ्यात बघायला पाहुणे येणार आहेत, त्यांचं होऊन जाऊ द्या मग काय छापायचं ते छापा. काल रात्री यावर दोघींचं जोरात झालं आणि ताटावरून पुतणी उठून गेली. आज सकाळपर्यंत तरी आईचंच चालू आहे, म्हणून नाव देत नाही. पाहुण्यांना काय ते आम्ही समोर बसून सांगणार आहोत, वहीसकट.

आपला,
एक निवृत्त लाइनमन,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ